जे शिवारात, ते ताटात : जिवतीच्या पहाडावरचा धडा



या पानावर एरवी मी बेणे, लागण, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा याविषयी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. आज शेतातून निघून चुलीपर्यंत जायचे आहे. उसाशी याचा काय संबंध, असे काहींना वाटेल. पण शेवटपर्यंत वाचावे, संबंध आहे.

तीन वर्षांमागे फाल्गुनात घरच्या एका लग्नासाठी माझी आत्या आमच्या गावी आली होती. वय सत्तरीच्या घरात. राहते चंद्रपूर जिल्ह्यात, जिवतीच्या पहाडावर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुठे दिसेना, म्हणून शोधत गेलो तर बाई आमच्या सुरू उसात! पदराचा ओचा भरून तांदुळजा, घोळ आणि चिवळ खुडून घेतलेली. मला पाहून म्हणाली, "किती दिवसांनी घावली रं ही भाजी."

माझ्या पोटात धस्स झाले. दोनच दिवसांपूर्वी त्या सरीत तणनाशक मारले होते, आणि त्याची मात्रा मीच सांगितली होती.

"आत्या, टाक ते. औषध मारलंय त्याच्यावर."

"कशाला?"

"तण मरावं म्हणून."

"हे तण व्हय? ही भाजी हाय की!" तिने ओचा मोकळा केला, हात मातीने चोळून धुतले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "भाजी मारून टाकायची अन् मंग पैसे देऊन बाजारातून भाजी आणायची. तुमचं गणित मला कळंना लेकरा."

मी शेतकीचा पदविकाधारक, वीस वर्षे उसात काढलेली. हेक्टरी किती किलो नत्र ते मला झोपेत विचारा. पण त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पहाडावर गेलेली आपली माणसे

जिवती म्हणजे राजुरा तालुक्यातून वेगळा झालेला डोंगराळ तालुका, माणिकगडच्या पहाडाचा. हा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा तालुका आपल्या नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. मूळ वस्ती गोंड आणि कोलाम लोकांची. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे नांदेड, परभणी, लातूर या बाजूंची पुष्कळ कुटुंबे बैलगाडीत भांडीकुंडी टाकून तिकडे गेली. त्यात माझी आत्या होती, नवी सून म्हणून.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आजही मिलोचे नाव काढतात. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी! भाकरी थापताना मोडायची. आत्याने दुष्काळी कामावर खडी फोडली, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली आणि मिलोच्या पिठात उकळते पाणी घालून भाकरी कशी वळवायची हे ती तेथेच शिकली. आहे त्या पिठाची भाकरी झालीच पाहिजे, हा तिचा पहिला धडा.

पहाडावर जमीन मिळाली, पण ती खडकाळ, बरड. उन्हाळ्यात पाण्याची ओरड. त्यात वनजमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगरआदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. बहात्तर साली गेलेल्यांनी तो कोठून दाखवायचा? सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून दुकानदाराकडे पत नाही. मग घर चालवायचे ते शेतात पिकेल आणि रानात मिळेल त्यावर. तेव्हा हे सारे हौसेचे होते असे कृपा करून कोणी समजू नये. ती अडचणीतून आलेली अक्कल आहे.

आत्याची चूल

लग्नानंतरच्या श्रावणात मी मुद्दाम जिवतीला गेलो. गडचांदूरपर्यंत सिमेंट कारखान्यांचा धुरळा, आणि तेथून पहाड चढू लागलो की हवाच बदलते. कपाशी, तूर, सोयाबीन, मधूनमधून ज्वारी. आत्याकडे चार दिवस राहिलो आणि चारही दिवस तिच्या चुलीपाशी बसलो.

सकाळी जावा. ज्वारीचा भरडा उकळत्या पाण्यात वैरायचा, मीठ घालून पातळ शिजवायचा. हे गोंड घरांतले रोजचे अन्न. आपल्याकडे आंबील असते तिचीच ही बहीण, फक्त आपण रात्रभर आंबवून त्यात ताक घालतो. आत्याकडे दुभते असले की जाव्यात ताक पडते, नसले की चिंचेचे पाणी. "शेजारच्या गोंडाच्या म्हातारीनं शिकवलं," आत्या म्हणाली. "आमी आलो तवा ज्वारी संपत आली व्हती. एका भाकरीच्या पिठात ती चौघांचं पोट भरायची."

दुपारी वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. वरचे टरफल काढून बारीक चिरायचे, पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचे. हे विसरून चालत नाही. कच्च्या कोंबात विषारी अंश असतो, तो उकळून पाणी टाकल्यानेच जातो. मग तुरीची चुरी घालून लसणाची फोडणी. चुरी म्हणजे घरच्या जात्यावर डाळ करताना उरलेले तुकडे. आपण ते ढोरांना घालतो.

गोडधोडाला मोह. चैत्रात फुले वेचून वाळवून ठेवलेली असतात. ती भिजवून, निवडून, शिजवून वाटायची आणि त्यात मावेल तेवढे पीठ मळून पुऱ्या करायच्या. गूळ नाही, साखर नाही. मी म्हटले, "आत्या, मी साखर कारखान्याचा माणूस, आणि तू मला बिनसाखरेचं गोड खाऊ घालतीस!" ती हसली. म्हणाली, "साखर हाय की डब्यात. पाव्हण्याच्या चहाला."

आता रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो, त्यामुळे ज्वारी मागे पडत चालली आहे. पण आत्याने तांदूळही आपल्या पद्धतीत बसवला. ज्वारीच्या कण्या कमी पडल्या की निम्मे तांदळाचे तुकडे. अंबाडीच्या भाजीत कण्यांऐवजी तांदूळ. भाजी तीच, घर तेच.

भांड्यातली पाच घरे

चौथ्या दिवशी मी विचारले, "आत्या, तू माप कधीच घेत नाहीस, मग बिघडत कसं नाही?" तिने जे सांगितले ते मी माझ्या डायरीत लिहून घेतले. तिचे म्हणणे असे, की कोणत्याही कालवणाच्या भांड्यात पाच घरे असतात. पोटभरीचे, डाळीचे, पाल्याचे, आंबटाचे आणि स्निग्धाचे. घरे रिकामी ठेवायची नाहीत. घरात कोण बसतो ते मात्र त्या दिवशीच्या शिवारावर.

पोटभरीच्या घरात ज्वारी, नसेल तर बाजरी, तांदळाचे तुकडे, गव्हाचा भरडा. डाळीच्या घरात तूर, नसेल तर मूग, मटकी, चवळी, हुलगे. पाल्याच्या घरात तरोटा, कुरडू, अंबाडी, हरभऱ्याचा शेंडा, शेवग्याचा पाला. आंबटाला चिंच, नाही तर ताक, कैरी, चुका. अंबाडी असली तर आंबटाचे घर आपोआप भरले. स्निग्धाला शेंगदाण्याचा कूट, नसेल तर तीळ, कारळ किंवा जवस.

त्यातही तिची काही पथ्ये आहेत. पाला कडवट असेल तर डाळ वाढवायची. आंबट असेल तर कण्या वाढवायच्या. अंबाडी आधी उकडून पिळून घ्यायची. हुलगे भाजल्याशिवाय दळायचे नाहीत. आणि तेल थोडेच असेल तर ते भाजीत मुरवायचे नाही, लसणाची फोडणी करून वरून घालायचे. वास सगळ्या घरात जातो आणि तेल चमचाभरच लागते.

ज्या दिवशी पाल्याचे घर रिकामे, त्या दिवसासाठी येसर. आपल्याकडच्या जुन्या घरांत येसराची बरणी असायचीच. ज्वारी, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, थोडे तांदूळ वेगवेगळे खमंग भाजायचे, धने, जिरे, मिरे, सुक्या मिरच्या भाजून त्यात मिसळायच्या आणि बारीक दळायचे. लसणाच्या फोडणीत पाणी घालून दोन-तीन चमचे येसर कालवले की चार माणसांची आमटी. आत्या पहाडावर गेली तेव्हा तिच्याजवळ हरभरा डाळ नव्हती, म्हणून तिने तुरीचे येसर केले. "येसराला माप नसतं," ती म्हणते, "हात असतो."

एक सावधगिरी येथेच सांगतो. रानातला पाला, कंद आणि विशेषतः पावसाळ्यातल्या सात्या, टेकोडे ही ओळखणाऱ्याच्या हातूनच घ्यावीत. अळंबी चुकीची निघाली तर जिवावर बेतते. आत्यासुद्धा पन्नास वर्षांनी शेजारणीला दाखवल्याशिवाय सात्या चुलीवर ठेवत नाही.

आता आपल्या घरात डोकावू

परत आल्यावर मी एका सभासदाकडे पाहणीला गेलो. नाव लिहीत नाही. आठ एकर ऊस, सगळे शिवार हिरवेगार. बोलता बोलता घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, ऊस लई चांगला हाय, पण घरात पोतंभर ज्वारी न्हाई. मिरची-कोथिंबीरसुद्धा बाजारची. दुकानाची उधारी उसाच्या बिलावर." मला आत्याचे गणित आठवले. आत्याजवळ सातबारा नाही, पाणी नाही, तरी तिच्या भांड्यातली पाच घरे भरलेली. आपल्याजवळ सातबारा आहे, पाणी आहे, कारखान्याचे शेअर आहेत, आणि भांडे दुकानदाराच्या वहीवर चालते.

बंधूंनो, सुरू ऊस बारा महिन्यांचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांचा, आडसाली सोळा ते अठरा महिन्यांचा. ऊस गेल्यानंतर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा ऊस नियंत्रण आदेश, १९६६ चा नियम आहे. बिल अगदी वेळेवर आले तरी ते येते एकदाच. चूल मात्र दिवसातून दोनदा पेटते. हे अंतर किराणा दुकान भरून काढते, आणि त्याची किंमत आपण मोजतो. ऊस कमी लावा असे मी म्हणत नाही. उसातच जागा आहे, ती वापरा एवढेच म्हणतो.

पहिले तीन-चार महिने ऊस सावकाश वाढतो, सरी मोकळी असते. जोडओळ पट्टा पद्धतीने लागण असेल तर मधला पट्टा आणखी मोकळा. आडसाली उसात भुईमूग, चवळी किंवा उडीद, पूर्वहंगामीत हरभरा, कांदा, लसूण आणि सुरू उसात उन्हाळी मूग, भुईमूग, मेथी, कोथिंबीर घेता येते. हरभऱ्याचा शेंडा खुडला तर भाजीही होते आणि झाडाला फांद्याही फुटतात. द्विदल पिकांचा बेवड जमिनीत राहतो तो वेगळाच. बांधावर दोन शेवगे, पाटाच्या कडेला अंबाडी आणि चुका, विहिरीजवळ मिरचीची दहा रोपे. यासाठी वेगळा एकर लागत नाही.

पण एक अट पक्की. आंतरपीक घ्यायचे त्या क्षेत्रात उसाची नेहमीची तणनाशके, अॅट्राझिन काय किंवा २,४-डी काय, मारायची नाहीत. तेथे खुरपणीच करावी. आणि फवारलेल्या शेतातला तांदुळजा, घोळ, पाथरी कितीही कोवळी दिसली तरी घरात आणू नये, जनावरांनाही घालू नये. फवारणी करणाऱ्याने घरच्या बायामाणसांना त्या दिवशीच सांगावे, कोणत्या सरीत औषध पडले ते. मी आमच्या घरात सांगितले नव्हते. आत्याने ती भाजी शिजवली असती तर काय झाले असते, या विचाराने आजही बरे वाटत नाही.

शेवटचे दोन शब्द

२०२३ हे वर्ष साऱ्या जगाने पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे केले. शहरात ज्वारी-बाजरीची पाकिटे आली, मोठमोठ्या हॉटेलांत भाकरी मिळू लागली. चांगलेच झाले. पण आपल्या आया-आत्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

मी या वर्षी विहिरीजवळचे दोन गुंठे औषधाविना ठेवले आहेत. आत्याने पाठवलेले अंबाडीचे बी तेथे टाकले. तांदुळजा टाकावा लागला नाही, तो आपला आपण आला. घरची मंडळी आता त्याला तण म्हणत नाहीत. आत्याला फोनवर सांगितले तर म्हणाली, "दोनच गुंठं? बरं, सुरुवात तर झाली."

सभासद भगिनींना विनंती, की आपल्या घरी अडीअडचणीला काय करतात, कशाऐवजी काय घालतात, हे एका कागदावर लिहून आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात द्यावे. येसराचे माप प्रत्येक गावाचे वेगळे निघेल, याची मला खात्री आहे. आणि पुढच्या वेळी मी ऊस पाहायला बांधावर आलो, की उसाबरोबर भाजीचा वाफाही दाखवावा. तो आधी पाहीन.