एक्सपी ते अकरा: नांदेड-लातूरच्या डीटीपी दुकानांचा मागोवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या बंद केल्या. तेव्हापासून नांदेडच्या वजिराबादेत काय नि लातूरच्या औसा रोडवर काय, टायपिंग-डीटीपीवाल्यांसमोर एकच प्रश्न आहे: 'अकरा टाकायची का?' हा प्रश्न याआधीही आला होता, आणि अनेकदा त्याचे उत्तर मराठी फॉन्टपाशी येऊन अडकले होते.

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आली. त्याच वर्षी एमकेसीएलची (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापना झाली आणि पुढे तिच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्या-तालुक्यात पोहोचले. लातूरला शिकवण्यांच्या नोट्स आणि सराव प्रश्नपत्रिका, नांदेडला १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे शोधप्रबंध, आणि दोन्हीकडे लग्नपत्रिका. दुकानांना कामाची कमतरता नव्हती. एक्सपी, पानांच्या मांडणीसाठी पेजमेकर आणि मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी किंवा आकृती एवढ्यावर दुकान चाले. फॉन्टच्या सॉफ्टवेअरची नक्कल रोखणारे 'लॉक' संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेले असे.

२००७ मध्ये व्हिस्टा आली. तिला मेमरी जास्त लागे, आणि आपल्याकडे ते भारनियमनाचे दिवस होते. यूपीएसच्या काही मिनिटांत फाइल सेव्ह करून संगणक बंद करायची घाई असलेल्या माणसाला जड विंडोज परवडणारी नव्हती. बहुतेकांनी व्हिस्टाकडे पाठ फिरवली, आणि ते बरोबरच होते.

मात्र त्याच काळात एक गोष्ट हातची निसटली. देवनागरी युनिकोड विंडोज २००० पासूनच उपलब्ध होते. एक्सपीत ते सेटिंगमध्ये जाऊन, सीडी घालून चालू करावे लागे. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते, आणि टाइपरायटरवर तयार झालेल्या बोटांना इनस्क्रिप्ट कळफलक परका वाटे. त्यामुळे वर्षानुवर्षांचा मजकूर फॉन्टच्या खासगी सांकेतिक रचनेत साठत गेला. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसे.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला, तेव्हा ही किंमत कळली. २००९ ची विंडोज ७ चांगली होती, पण नव्या मदरबोर्डवर प्रिंटरचे जुने पोर्टच नसे, आणि ६४-बिट विंडोजवर जुन्या लॉकचा ड्रायव्हर चालत नसे. जाणत्या दुकानदारांनी दोन संगणक ठेवले: जुना छपाईच्या कामाला, नवा इंटरनेटला. ही तडजोड मला आजही शहाणपणाची वाटते.

जुलै २०१५ मध्ये विंडोज १० वर्षभरासाठी मोफत मिळू लागली. पण कित्येक जीबींची फाइल इंटरनेटच्या डोंगलवर उतरवायची कशी? जिओ आले सप्टेंबर २०१६ मध्ये, मोफतची मुदत संपल्यावर. डेटा वाचवायला अपडेट बंद ठेवायची सवय तेव्हाचीच. ती सवय किती घातक, हे १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगाला दाखवले. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. फटका बसलेल्यांत सर्वाधिक संगणक ती न घेतलेल्या विंडोज ७ चे होते.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पीकविमा, शिष्यवृत्ती, प्रवेश अर्ज हे सारे याच दुकानांतून होऊ लागले. लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती, मोबाइलवर येणारे ओटीपी या संगणकांवरून जाऊ लागले. इथे प्रश्नाचे वजन बदलले. पूर्वी संगणक बिघडला तर दुकानदाराचे काम बुडे; आता शेतकऱ्याचे खाते धोक्यात येते.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात. सेकंड-हँड घेतलेले, धडधाकट चालणारे कित्येक संगणक त्यात बसत नाहीत. आडमार्गाने अकरा टाकता येते, पण अशा संगणकाला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरगुती संगणकांना विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. उबुंटूसारखी लिनक्सही जुन्या यंत्रावर चालते आणि तिच्यात युनिकोड मराठी नीट दिसते. मात्र बोटांच्या ठशांचे यंत्र आणि प्रिंटर तिच्यावर चालतात का, हे आधी तपासावे.

एवढ्या वर्षांचा हिशोब मांडला, तर माझे मत स्पष्ट आहे. ज्या संगणकावर लोकांची कागदपत्रे उघडतात, त्याला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत असल्याच पाहिजेत. त्यात चालढकल नको. जुन्या फॉन्टसाठी जुना संगणक जरूर ठेवा, पण त्याचे इंटरनेट काढून टाका. आणि नवी विंडोज टाकण्याआधी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणा, त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. जोडाक्षरे आणि रफार मात्र रूपांतरानंतर डोळ्यांनी तपासा. हे काम यंदाच हाती घ्या.