अडचण सांगणाऱ्याचं पुढे काय होतं?

चाकण, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत गेलात तरी भिंतीवर ‘कायझेन’चा, म्हणजे सतत सुधारणेचा, फलक दिसतो. आता बँका, रुग्णालयं आणि आयटी कंपन्याही रोजच्या कामात सतत सुधारणा करण्याची भाषा बोलतात. शब्द रुळला, आणि त्याच्यासोबत काही गैरसमजही रुळले. ते काढून टाकले नाहीत तर फलक राहतो आणि सुधारणा थांबते.

सगळ्यांत चिवट गैरसमज म्हणजे, हे जपानी माणसालाच जमतं. त्यांच्या रक्तातच शिस्त आहे, आपली माणसं तशी नाहीत. इतिहास याच्या उलट आहे. गुणवत्तेवर लक्ष ठेवण्याचा नियंत्रण-आलेख वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये अमेरिकेत मांडला. त्यांच्या विचारांवर घडलेल्या एडवर्ड्स डेमिंग यांनी 1950 मध्ये जपानी अभियंत्यांना आणि उद्योगप्रमुखांना धडे दिले. त्याच वर्षी टोयोटाचे एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहायला गेले. कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत त्यांना तिथे दिसली आणि 1951 मध्ये ती टोयोटात सुरू झाली. ज्याला आपण जपानी स्वभाव म्हणतो, त्यातलं बरंचसं जपानने मेहनतीने शिकून घेतलेलं आहे.

तरीही शंका उरत असेल तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं उदाहरण पाहा. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि सदोष गाड्यांसाठी बदनाम होता. 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत ‘न्यूमी’ या नावाने तो पुन्हा चालू केला. कामावर घेतलेले बहुसंख्य कामगार जुनेच होते आणि कामगार संघटनाही तीच. तरीही थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या बरोबरीला आला.

काय बदललं होतं? जुन्या व्यवस्थेत असेंब्ली लाइन कोणत्याही कारणाने थांबवायची नाही, असा दंडक होता. दोष दिसला तरी गाडी पुढे जायची आणि शेवटी दुरुस्तीला लागायची. न्यूमीत प्रत्येक कामगाराच्या हाताशी ‘अँडॉन’ची दोरी आली. ती ओढली की दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर त्या जागी मदतीला येतो. ही दोरी ओढताच सगळं काम ठप्प होतं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गाडी त्या टप्प्याच्या टोकाला पोचेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. माझ्या मते सगळ्या पद्धतीचं मर्म इथेच आहे: अडचण सांगणाऱ्याला मेमो मिळतो की मदत?

दुसरी समजूत अशी की ज्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त, ती टीम वाईट. 1990 च्या दशकात संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, ही त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. एकोपा आणि नेतृत्व चांगलं असलेल्या वॉर्डांमध्ये नोंदी जास्त होत्या. तिथे परिचारिका चूक मोकळेपणाने सांगत होत्या, असं त्याचं स्पष्टीकरण निघालं. धाक असलेल्या वॉर्डात चुका होत नव्हत्या असं नाही, त्या दबून राहत होत्या. म्हणून ‘शून्य तक्रारी’चा अहवाल समोर आला तर साहेबांनी खूश होण्याआधी चौकशी करावी.

सजेशन बॉक्स लावला, बक्षीस ठेवलं, की सूचना आपोआप येतात, हाही भ्रमच. पहिले काही दिवस चिठ्ठ्या येतात. उत्तर मिळालं नाही की आटतात. मग वरून ‘माणशी महिन्याला दोन कायझेन’ असं टार्गेट येतं आणि महिनाअखेरीस घाईघाईने शीट भरल्या जातात. सूचना टिकते ती लवकर उत्तर मिळाल्याने, आणि ज्याने सुचवलं त्यालाच ती अमलात आणायला वेळ आणि हत्यारं दिल्याने.

कामगारांच्या मनातली भीती मात्र गैरसमज म्हणून झटकून टाकता येणार नाही. सुधारणा म्हणजे माणसं कमी करणं, हे अनेक ठिकाणी खरंही ठरलं आहे. आपल्याच सूचनेमुळे शेजारच्याची नोकरी जाणार असेल तर कोण तोंड उघडेल? 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूमीच्या गाड्यांची मागणी घसरली, तेव्हा व्यवस्थापनाने कामगारांना घरी बसवलं नाही. प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावलं. नोकरी न घालवण्याचा शब्द पाळल्यामुळे विश्वास टिकला.

अशी सुधारणा आपल्याकडेही झालेली आहे. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने 2003 मध्ये गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक मिळवलं, आणि त्याचे कारखाने कांदिवली आणि नागपूरलाही आहेत.

तुम्ही टीमप्रमुख असाल तर नवं टार्गेट लावण्याआधी पडून राहिलेल्या सूचनांची यादी काढा. प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा. नकार द्यायचा असेल तर तोही कारणासह, सुचवणाऱ्याला समोर बसवून द्या.