मोबाईलमधले निरोप पाखडायचे कसे?



गेल्या सत्रात दहावीच्या परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख आम्ही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तासाभरात त्यावर सुप्रभातची फुले, नोकरीच्या जाहिराती आणि देवादिकांचे फोटो यांचा असा ढीग पडला की कित्येकांना ती सूचना दिसलीच नाही. एक आई शेवटच्या दिवशी संत्र्याच्या बागेतून तशाच धावत शाळेत आल्या. फॉर्म भरला गेला. पण चूक त्यांची नव्हती, ग्रुप सर्वांना मोकळा ठेवणाऱ्या आमची होती.

पुष्कळांना वाटते की नको ते निरोप कंपनीनेच अडवावेत. ईमेलमध्ये ते काही प्रमाणात होते, कारण तेथे यंत्रणा मजकूर तपासू शकते. व्हॉट्सॲपच्या निरोपांना मात्र २०१६ पासून कुलूप आहे. पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही, खुद्द कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत. म्हणून कंपनी नंबरची वागणूक पाहते: अनोळखी लोकांना भराभर निरोप जातात काय, लोक त्याची तक्रार करतात काय. बाकीचे सूप आपल्याच हाती आहे.

आणि ते काम लहान नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. हे लोक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे ढकलण्याची मर्यादा घातली. निरोपावर दुहेरी बाण दिसला, तर तो पाच किंवा अधिक वेळा हात बदलून आलेला आहे असे समजावे. असा निरोप एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. बाण दिसला म्हणजे मजकूर खोटाच असे नव्हे. पण लिहिणारा बहुधा आपल्या ओळखीचा नसतो.

आता हाताने करायचे काम. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी उघडा, त्यात 'ग्रुप्स' शोधा आणि 'एव्हरीवन'च्या जागी 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. मग 'घरबसल्या कमवा' म्हणणारा परका माणूस तुम्हाला न विचारता ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. (शाळेचा नंबर आधी जतन करा, नाहीतर आम्हीच बाहेर राहू.) अनोळखी नंबरवरून त्रास झाला, तर नुसते डिलीट करू नका, ब्लॉक करा आणि रिपोर्टही करा. रिपोर्ट केल्यावर त्या नंबरचे शेवटचे पाच निरोप कंपनीकडे जातात, समोरच्याला मात्र कळत नाही. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन लावा. तेथे वेळेलाच किंमत आहे.

नातेवाइकांच्या ग्रुपचे काय, असे एका आजोबांनी मला विचारले. ब्लॉक केले तर लग्नात तोंड कसे दाखवायचे! त्यांच्यासाठी 'म्यूट' आणि 'अर्काइव्ह' आहे. ग्रुप राहतो, आवाज जातो, आणि कोणाला कळतही नाही.

यापुढे शाळेच्या वर्गवार ग्रुपवर फक्त वर्गशिक्षकच लिहितील, तशी सोय आम्ही लावली आहे. शंका असल्यास शिक्षकांना वेगळा निरोप पाठवावा. काहींना हे रुचणार नाही, ते मला ठाऊक आहे; सुप्रभातची फुले मलाही वाईट वाटत नाहीत, फक्त ती परीक्षेच्या तारखेवर पडू नयेत.

ज्यांच्या मोबाईलमध्ये सर्व हिंदीत आहे आणि हे पर्याय सापडत नाहीत, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर मोबाईल घेऊन कार्यालयात यावे. आमचे कॉम्प्युटरचे सर समोर बसवून करून देतील. येताना चार्ज करून आणावा.