नावावरून बंद होणारे दार : डॉ. सुखदेव थोरात यांचे संशोधन

डॉ. सुखदेव थोरात हे नाव आपल्या समाजाला विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष म्हणून परिचित आहे. आमच्या मते त्यांचे अधिक टिकाऊ कार्य संशोधनातले आहे, आणि नोकरीच्या शोधात असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ते आवर्जून समजून घ्यावे असे आहे.

अमरावती जिल्ह्यातून आलेले थोरात बाबासाहेबांनी औरंगाबादेत स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पीएच.डी. करून तेथेच प्राध्यापक झाले. त्यांच्या विचारांचे मूळ मात्र आणखी मागे आहे. कोलंबियात सेलिग्मन आणि लंडनमध्ये कॅनन यांच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकलेल्या बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात जातीचा आर्थिक अंगानेही विचार केला. जन्माने धंदा ठरवणारी व्यवस्था माणसाचे कर्तृत्व आणि देशाचे श्रमबळ दोन्ही वाया घालवते, असे त्यांनी दाखवले.

उलट बाजूस अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांचा १९५७ चा सिद्धांत होता. भेदभाव करणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो, म्हणून खुल्या स्पर्धेत भेदभाव कालांतराने ओसरावा, असा त्याचा रोख. आमचे खासगी उद्योजक याच सुरात 'आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो' म्हणत आले. हे तपासायचे कसे? वेतनातील तफावत दाखवली की शिक्षणातील तफावतीकडे बोट दाखवले जाई.

थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ही पळवाटच बंद केली. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे, इंग्रजी दैनिकांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. तुलनेसाठीच्या अर्जांत शिक्षण आणि अनुभव सारखे. वेगळे होते ते नाव. कुठे उच्चवर्णीय हिंदू, कुठे दलित, कुठे मुस्लिम. जात कोठेही लिहिलेली नव्हती. बोलावणे येण्याचे अनुकूल-प्रतिकूल प्रमाण उच्चवर्णीयांसाठी १ धरले, तर दलितांसाठी ते ०.६७ आणि मुस्लिमांसाठी ०.३३ निघाले. (हे आकडे टक्केवारी म्हणून वाचू नयेत, भाषणांत तशी गल्लत सर्रास होते.) निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले.

हे मोजमाप केवळ पहिल्या दाराचे आहे. मुलाखत, पगार, बढती त्यात येत नाहीत. आरक्षण सरकारी क्षेत्रापुरते आणि नव्या नोकऱ्या बव्हंशी त्याबाहेर, अशा काळात या पहिल्या दाराचे महत्त्व पालकांना निराळे सांगायला नको.

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांतील भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. हे अधिकारी गुणवत्तेचा पुरस्कार करीत, आणि त्याच दमात उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' पाहतो असेही सांगत. 'वडील काय करतात?' हा साधा वाटणारा प्रश्न मुलाखतीत ऐकलेले आपले अनेक विद्यार्थी हे वाचताना जरा थांबतील.