अक्षरमालेचे संख्येत रूपांतर (सी भाषा)

अक्षरमालेचे संख्येत रूपांतर : अंकचिन्हांच्या मालेपासून गणितास योग्य अशी संख्या मिळविण्याची प्रक्रिया. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या सी भाषेत ‘४७२’ ही माला म्हणजे तीन चिन्हांचे संकेतांक व शेवटी शून्य बाइट एवढेच असते. आस्की संकेतात आंतरराष्ट्रीय अंकांना ४८ ते ५७ हे संकेतांक असल्याने प्रत्येकातून ४८ वजा केल्यास अंकाचे मूल्य मिळते. आधीच्या फलाची दहापट करून त्यात ते मिळवीत गेल्यास ४, ४७, ४७२ अशी संख्या घडते.

‘एटोआय’ हे फलन हेच काम करते; परंतु ‘०’ व ‘कखग’ या दोन्ही मालांना ते शून्यच उत्तर देते. त्यामुळे हिशेबातील चुकीची नोंद निमूटपणे शून्य ठरते. मर्यादेबाहेरील संख्येबाबत तर त्याचे वर्तन अनिश्चितच असते. १९८९ च्या अमेरिकी मानकात समाविष्ट झालेले ‘स्ट्रटॉल’ अधिक विश्वसनीय होय. वाचन कोठे थांबले ते हे फलन दर्शकाद्वारे कळविते. दर्शक मालेच्या आरंभीच राहिल्यास संख्या मिळालीच नाही, असे समजावे. मर्यादा ओलांडल्यास ‘एरनो’ या चलात त्रुटिसंकेत नोंदला जातो; मात्र ते चल आधी शून्य करून ठेवावे लागते. पाया २ ते ३६ पर्यंत निवडता येतो. पायाच्या जागी शून्य दिल्यास आरंभीच्या शून्यामुळे माला अष्टमान समजली जाते व मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ‘०२२’ हा १८ होतो. असे संकेतांक खरे तर संख्येत बदलूच नयेत. देवनागरी अंक भाषेच्या मूळ व्यवस्थेत ओळखले जात नाहीत. त्यांच्या यूनिकोड संकेतांकातून २४०६ वजा करणारे स्वतंत्र फलन लिहावे लागते.