तर्री, रीळ, जवारी आणि मी

चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि माझे दोन विषय राहिले. संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते शांतपणे एवढंच म्हणाले, "तिकडं शिकायला गेलायस का फिरायला, ते एकदा ठरव. जमत नसलं तर ये घरी. शेत हाय."

जत तालुक्यातल्या आमच्या गावातून पुण्याला इंजिनिअरिंगला आलेला मी पहिलाच. त्या रात्री मी खरोखर बॅग भरायला काढली होती.

मित्रहो, बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी फिरतच होतो. मिसळ, जुने सिनेमे, गाणं आणि पुस्तकं ही माझी चार व्यसनं. आज फायनल इयरला बसून हा लेख लिहितोय तो त्यांची वकिली करायला नाही. राहिलेले विषय मी जुने पेपर सोडवून काढले, मिसळ खाऊन नव्हे! पण मी पळून गेलो नाही, ते मात्र या चौघांमुळे. कसं, ते सांगतो.

सुरुवात मिसळीपासून. रविवारी सकाळी आमचा रूम पार्टनर मला ओढून मिसळ खायला न्यायचा. एकदा तर्रीचा जोरदार ठसका लागला, मी घटाघटा पाणी प्यायलो आणि जळजळ कमी व्हायच्या ऐवजी तोंडभर पसरली. हॉटेलचे काका हसून म्हणाले, "पाणी कशाला पिताय? दही घ्या." असं का, हे मी रूमवर येऊन शोधलं. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो ते कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो. म्हणून मिसळीवर तरंगणारं तेल लाल असतं आणि सगळा जाळ त्यातच असतो. दह्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून बाजूला नेतं. पुढच्या रविवारी काकांना विचारलं, तर त्यांनी तर्रीचं गुपितही सांगितलं. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, आणि तिखट घालताना गॅस बारीक, नाहीतर ते करपतं आणि रंग काळपट येतो. त्या दिवसापासून मी त्यांचा गिऱ्हाईक राहिलो नाही, ओळखीचा झालो. न मागता सँपल यायला लागलं! हॉस्टेलवाल्याला यापेक्षा मोठी पदवी कोणती?

दुसरा नाद सिनेमाचा. लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. स्थापना १९६४ ची. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं. तिथल्या प्रेक्षागृहात जुने चित्रपट दाखवतात. तिथे मी 'संत तुकाराम' पाहिला. १९३६ चा, प्रभातचा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला होता. आमच्या गावच्या सप्ताहात ऐकलेला तुकोबा मला पुण्याच्या अंधारात भेटला आणि, लाज कशाला वाटायची, मी रडलो.

बाहेर आल्यावर मात्र डोक्यातला मेकॅनिकलवाला जागा झाला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी असतात. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, म्हणजे दीड फूट. मिनिटाला ९० फूट. दोन तासांच्या सिनेमाची फिल्म जवळजवळ अकरा हजार फूट, म्हणजे सव्वातीन किलोमीटर! आणि १९५० च्या सुमारापर्यंतची बरीचशी फिल्म नायट्रेटची. तिच्यातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. न पेटली तरी वर्षानुवर्षांत आपोआप चिकट होते, मग तिची भुकटी होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट गेले. हे कळल्यावर पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाचं मोल समजतं. पाव शतकाहून जास्त काळ त्यांनी या संग्रहालयासाठी मिळतील तिथून रिळं गोळा केली. म्हणजे पडद्यावरचा तो दीड फूट सेकंदाला कुणीतरी जपून ठेवलेला असतो.

तिसरं व्यसन गाण्याचं. गावाला जाताना मी रेल्वेने मिरजेपर्यंत जातो आणि तिथून एस.टी. पकडतो. एकदा एस.टी.ला दोन तास अवकाश होता म्हणून सतारमेकर गल्लीत शिरलो. मिरजेत सतारी-तंबोरे बनवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. ज्या शिकलगार घराण्याने तो वाढवला ते मूळचे हत्यारांना धार लावणारे कारागीर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

तिथे एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका बाक असतो. तार कंप पावताना त्या बाकाला पुन्हा पुन्हा चाटून जाते. तारेखाली एक सुती दोरा सरकवला आणि तो योग्य जागी बसला, की साधा टणत्कार एकदम मधमाश्यांच्या मोहोळासारखा घुमायला लागतो. मी अर्धा तास नुसता बघत उभा होतो. घासायचं, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायचं. मोजायला कसलंच यंत्र नाही!

हे नुसतं कानाला गोड नाही, पुस्तकी नियमाला धक्का देणारं आहे. तार जिथे छेडली, तिथे ज्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू येतो तो स्वरांश ऐकू येऊ नये, असं भौतिकशास्त्र सांगतं. तंबोऱ्यात तो येतो! सी. व्ही. रामन यांनी तंबोऱ्या-वीणेच्या घोडीचं हे वैशिष्ट्य १९२१ च्या आपल्या निबंधात मांडलं. व्हायब्रेशनच्या लेक्चरला मागच्या बाकावर झोपणारा मी त्यानंतर पुढे जाऊन बसलो. मार्क फार वाढले नाहीत, पण झोप गेली.

आता पुस्तक. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, हॉस्टेलवर राहणारा पांडुरंग सांगवीकर मेसचा कारभार अंगावर घेतो, पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी परत जातो. बॅग भरायला काढली त्या रात्री हेच पुस्तक पार्टनरने माझ्या कॉटवर टाकलं होतं. "जायच्या आधी वाच, लायब्ररीचं आहे, परत द्यायचंय." पहाटे चारला संपलं. आपल्यासारखाच गोंधळ साठ वर्षांपूर्वी एकाने नीट लिहून ठेवलाय, हे बघून धीर आला. बॅग कॉटखाली गेली.

त्या दिवाळीत घरी गेलो. बाबांशी बोलायला भीत होतो. विषय काढायचा म्हणून मिरजेच्या दोऱ्याची गोष्ट सांगितली. बाबा सप्ताहात वीणा घेऊन पहाऱ्याला उभे राहतात. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, खुंटीवरची वीणा काढली, आईच्या सुईच्या डब्यातला दोरा तोडला आणि तारेखाली सरकवत म्हणाले, "आमच्या बुवांनी शिकवलंय हे. का करायचं ते कुणी सांगितलं न्हवतं. सांग आता."

मी सांगितलं. रामनांपर्यंत सगळं सांगितलं. बाबा मधेमधे तार छेडत होते. शेवटी म्हणाले, "मग इषय कसं ऱ्हायलं?" यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर ज्युनिअर दोस्तांनो, शहर परकं वाटत असेल तर एक करा. जे आवडतं ते नुसतं गिळू नका. ते चालतं कसं, ते करणाऱ्या माणसाला विचारा. गल्ल्यावरचे काका, प्रोजेक्टरवाला, तंबोरा घासणारे कारागीर यांना असं विचारलेलं फार आवडतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. आणि हो, दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर 'कोसला' हातात घेऊ नका. हा अनुभवाचा सल्ला आहे!