पाऱ्याच्या अणूंची जोडी : कॅलोमेलमधील धातु-धातु बंध

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील चोपण जमिनीचा सामू ठरविताना काचेच्या विद्युदग्राचे विभव ज्याच्याशी ताडून पाहावयाचे, तो स्थिर विभवाचा आधार दीर्घकाळ कॅलोमेल विद्युदग्राने पुरविला. पाऱ्याच्या विषारीपणामुळे त्याची जागा आता बहुतांशी सिल्व्हर क्लोराइडच्या विद्युदग्राने घेतली आहे. तथापि कॅलोमेलची, म्हणजे मर्क्युरस क्लोराइडची, घडण आजही अभ्यसनीय आहे.

वजनी प्रमाण पाहता यात पाऱ्याच्या एका अणूस क्लोरिनचा एक अणू येतो. परंतु पाऱ्याचा एकभारी आयन सुटा असता, तर त्यात एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहून संयुग अनुचुंबकीय झाले असते. प्रत्यक्षात ते प्रतिचुंबकीय आहे. १८९८ मध्ये ऑग यांनी मर्क्युरस नायट्रेटच्या दोन विद्रावांचा संहती-घट तपासला. संहतींचे प्रमाण दहास एक असता सुट्या आयनासाठी सुमारे ०·०५८ व्होल्ट अपेक्षित होते. मिळाले सुमारे ०·०२९. अर्थात आयनावर दोन भार असून त्यात पाऱ्याचे दोन अणू आहेत. अशा सममित जोडीचे कंपन अवरक्त वर्णपटात उमटत नाही, रामन वर्णपटात उमटते. १९३४ मध्ये वुडवर्ड यांना ती रेषा आढळली. क्ष-किरणांनी क्लोरिन-पारा-पारा-क्लोरिन अशी सरळ मांडणी दाखविली. तीतील पाऱ्याच्या अणूंमधील अंतर सुमारे २·६ अँगस्ट्रॉम, म्हणजे घन पाऱ्यातील सुमारे ३ अँगस्ट्रॉमहून कमी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. विद्युदग्राच्या विक्रियेत दोन इलेक्ट्रॉनांबरोबर दोन क्लोराइड आयन येतात. त्यामुळे सूत्र निम्मे लिहिले तरी नर्न्स्टच्या समीकरणातून क्लोराइडवर अवलंबून असणारे विभव तेच निघते, आणि संपृक्त पोटॅशियम क्लोराइडमध्ये २५° सें. ला ते सुमारे ०·२४१ व्होल्ट असते. म्हणून नित्याच्या सामूमापनात ही चूक कधीच उघडकीस येत नाही. विद्राव्यता-गुणाकारात मात्र ती लपत नाही : विरल विद्रावात क्लोराइडची संहती दसपट केली, तर मर्क्युरस आयन एक-दशांश नव्हे, एक-शतांश उरतो.

रेनियमच्या दोन अणूंमधील चौपदरी बंध कॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये ओळखला, आणि धातु-धातु बंधांचा अभ्यास विस्तारला. त्याचा साधा पाठ मात्र कॅलोमेलमध्येच होता : उपकरण अचूक आकडा देते, एवढ्यावरून त्यातील द्रव्याचे सूत्र सिद्ध होत नाही.